बरणी अजून संपलेली नाही

रविवार, २८ सप्टेंबर २०२५

बरणी : नऊ सेंटिमीटर. बरोबर नऊ.

काल सकाळी साडेसात सेंटिमीटर होती. मी स्वतः पट्टी चिकटवली आहे बरणीला, कागदी, मिलिमीटरच्या खुणांची. भंडाऱ्याच्या मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढली, निम्म्या जिल्ह्याची शेतं मोजली, माझ्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं नाही. आणि आता चटणीची एक बरणी मला वेड्यात काढते आहे.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायला नको. माझी बायको चंद्रभागा गेली त्याच्या आठ दिवस आधी तिने जवसाची चटणी केली होती. जवस खमंग भाजून, सुक्या मिरच्या, जिरं, लसणाच्या सात पाकळ्या. सातच. आठवी पडली तर ती वेचून काढायची. ती गेल्यावर आमची मुलगी उत्कर्षा मला पुण्याला घेऊन आली. सगळं सामान ट्रकमध्ये टाकलं, ही बरणी मात्र मी मांडीवर घेऊन आलो. बिबवेवाडीच्या या चौथ्या मजल्यावर पाऊल ठेवलं त्याच दिवशी मुलीला सांगून टाकलं, "ही संपेपर्यंत राहीन. संपली की मी माझ्या घरी." रोज एक चमचा धरला तर अडीच महिन्यांचा मामला होता.

त्याला तेरा महिने झाले. बरणी संपत नाही आणि मी अडकून पडलोय.

भूतबीत मी मानत नाही. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. चमत्कार समोर आला तरी त्याला आधी कागदपत्रं मागू. पुण्याच्या हवेने चटणी फुगत असेल म्हणून चमचाभर बशीत काढून चार दिवस पाहिली. फुगली नाही, मुंग्या झाल्या. रविवारी सकाळी मी फिरून येईपर्यंतच काय ते घडतं. त्या वेळी घरात फक्त उत्कर्षा, आणि तीही झोपलेली. म्हणजे पाहणारं कोणीच नाही.

तिला विचारलं. ती लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, मला किचनमधलं काय कळतं?" खरंच आहे ते. पोहे भिजवायचे की उकळायचे हे या मुलीला अजून माहीत नाही.


सोमवार, २९ सप्टेंबर

कवळी टोचते म्हणून सदाशिव पेठेतल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. शेजारी एक गृहस्थ बसलेले, सत्तरी-पंचाहत्तरीचे, हातात छत्री.

"आपल्याला कितीची वेळ दिलीय?" त्यांनी विचारलं.

"अकराची."

"मलाही अकराची. म्हणजे डॉक्टर दोन तोंडांत एकदम हात घालणार." मग एकदम, "आयुष्यात आपल्याला कधीच न उलगडलेलं असं काही घडलंय का?"

मी म्हटलं, "आपण ज्योतिषी आहात का?"

"छे हो. निवृत्त घड्याळजी. जेवायला बोलावतोय."

नाव आप्पासाहेब. त्यांचं एक भोजन मंडळ आहे, पहिला मंगळवार, दुपारी साडेबारा. सभासद फक्त पुरुष. सभासद व्हायचा एकच मार्ग. पहिल्या महिन्यात नुसतं जेवायचं आणि ऐकायचं. दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या आयुष्यातली एक न उलगडलेली गोष्ट सांगायची. गोड वाढेपर्यंत ती संपली पाहिजे. नंतर ताक येतं. ताक येण्याआधी ज्याला उत्तर सुचेल त्याने आपली वाटी पालथी घालायची. एक जरी वाटी पालथी पडली तरी पाहुण्याला उत्तर सांगतात, पान देतात आणि निरोप देतात. एकही पडली नाही तर खुर्ची कायमची.

संध्याकाळी उत्कर्षाला सांगितलं. "ओन्ली जेन्ट्स? बाबा, कुठल्या सेंच्युरीत आहेत हे लोक?" असं म्हणाली, पण मंगळवारी घालायला सदरा मात्र तिनेच इस्त्री करून ठेवला. आठ दिवस आधी.


गुरुवार, २ ऑक्टोबर

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं राहिलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. गुडघ्याने दगा दिला. चंद्रभागा असती तर म्हणाली असती, गुडघा तुमचा आहे, रस्ता नाही, बसा घरी. उत्कर्षाने अर्धा दिवस लॅपटॉप मिटून ठेवला, आम्ही दोघांनी मिळून वंदना घेतली. बरं वाटलं. जेवण बाहेरून आलं. मी भाकरी आणि चटणीच खाल्ली.

चटणीत लसूण अलीकडे जरा जास्त लागतो. मुरल्यामुळे असावं.


मंगळवार, ७ ऑक्टोबर

गेलो. दुर्गाबाई म्हणून एक बाई विद्यार्थ्यांची खानावळ चालवतात, त्या खानावळीच्या वरच्या मजल्यावर हे मंडळ जेवतं. दारावर पाटी : 'येथे सभासद करून घेतले जात नाहीत.'

जिना चढताना मी एकाच गोष्टीची तयारी करत होतो. आडनाव. ते सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो. तो क्षण मी आयुष्यभर मोजत आलोय, किती लांबतो, किती नाही. दारातच आप्पासाहेब म्हणाले, "चपला इथे काढा. आडनावही इथेच ठेवा, जाताना घेऊन जा. आत फक्त नाव." नियमच आहे तसा. तो क्षण आलाच नाही. पुण्यात आल्यापासून इतकं मोकळं मला कुठेच वाटलं नव्हतं, हे इथे कबूल करतो.

मी धरून तेरा पानं. जेवण उत्तम. आजचा पाहुणा ऋषी म्हणून बँकेतला मनुष्य. त्याची गोष्ट अशी की रात्री भिंतीकडे तोंड करून लावलेली स्कूटर सकाळी दर वेळी उलट उभी असते. चोरी नाही, पेट्रोल कमी होत नाही. मला तर काटा आला. तो 'नाही' म्हणेपर्यंत सहा वाट्या पालथ्या.

संतोषराव म्हणून चाळिशीतले वकील आहेत, ते म्हणाले, "तुमच्या मागे कोणाची गाडी असते? त्याची पहिली पाळी असणार. तो तुमची काढतो, आपली नेतो, परत लावताना उलट लावतो." ऋषीने फोन करून विचारलं. तसंच निघालं. पान हातात आणि गृहस्थ जिन्यात. दया नाही, माया नाही. ही माणसं धारदार आहेत. माझी बरणी यांच्यापुढे किती टिकणार?

बायका का नाहीत, असं मी विचारलं. आप्पासाहेब म्हणाले, "एकदा बोलावल्या होत्या. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच उत्तर सांगून मोकळ्या झाल्या."


शनिवार, ११ ऑक्टोबर

भंडाऱ्याहून उत्कर्षाच्या मावशीचं पार्सल आलं, तीनेक किलोचं. मी सही करून घेतलं. उघडायला गेलो तर मुलीने हातातून ओढून घेतलं. म्हणे ऑफिसचं आहे. मावशीचा आणि हिच्या ऑफिसचा काय संबंध कोण जाणे. हल्ली सगळं ऑनलाइन असतं.


सोमवार, ३ नोव्हेंबर

उद्या गोष्ट सांगायची. झोप लागत नाही. खरं लिहायचं तर भंडाऱ्याच्या घराला मी भितो. तिथे अंगणात चंद्रभागेची कपडे वाळत घालायची दोरी अजून बांधलेली असेल. पण इथे राहून तरी मी कोणाचा? मुलगी दिवसभर कामात, लिफ्टमध्ये भेटणारे मोबाइलकडे बघतात. तेव्हा असं ठरवलंय की उद्या खुर्ची मिळाली तर पुण्यात राहायचं. वाटी पालथी पडली, तर बरणी संपो न संपो, पंधरा तारखेच्या गाडीने परत. हे उत्कर्षालाही सांगितलं. तिच्या बोटाला पट्टी होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, किबोर्डने कापलं.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

मिळाली! खुर्ची मिळाली!

क्रमाने लिहितो. अळूची भाजी, मसालेभात, जिलबी. मी उभा राहून सांगितलं. चंद्रभागा, बरणी, मांडीवरून आणलेली, संपली की परत जाईन असं मुलीला सांगितलेलं, ते सगळं. मग चौदा महिन्यांची मोजणी वाचून दाखवली. पट्टी लावल्यापासून दर रविवारी बरोबर नऊ, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. मुंग्यांचा प्रयोगही सांगितला.

मधेच संतोषरावांनी वाटीला हात घातला. माझा जीव खाली-वर. पण त्यांना बहुधा ताकाची घाई झाली असावी, कारण आप्पासाहेब लगेच म्हणाले, "संतोषराव, ताक येतंय." त्यांनी हात काढला.

दुर्गाबाई जिलब्या वाढत होत्या. त्या सहसा बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "दादा, लसूण किती घालायच्या हो तुमच्या घरच्या बाई?"

"सात पाकळ्या."

"आणि आता कसा लागतो?"

"आता जरा जास्त. मुरल्यामुळे."

"हो, मुरल्यामुळेच," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मिरचीची फोडणी चालू असेल.

खालच्या खानावळीतली ताटं ऐकू येत होती. अकरा माणसं, अकरा वाट्या, सगळ्या सुलट्या. स्कूटरचं गणित सोडवणारी ही माणसं माझ्या बरणीपुढे गारद! आप्पासाहेबांनी चष्मा काढून खूप वेळ पुसला. मग म्हणाले, "मंडळाला उत्तर सापडलेलं नाही. नागोराव, बसा." दुर्गाबाईंनी आतून एक खुर्ची आणली, निळी, बाकीच्यांसारखी नसलेली. पण खुर्ची ती खुर्ची.

घरी येऊन उत्कर्षाला सगळं सांगितलं, वाट्यांच्या नियमासकट. म्हटलं, आता पहिल्या मंगळवारी मला पुण्यात असणं भाग आहे, गावी जाणं जमायचं नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली. बऱ्याच वेळाने डोळे लाल करून आली. म्हणे कांदा चिरत होते. ओट्यावर कांदा नव्हता.

पण या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. आप्पासाहेबांचे, मंडळींचे, त्या कवळीचेसुद्धा.


रविवार, १६ नोव्हेंबर

बरणी : नऊ. आप्पासाहेबांबरोबर खडकवासल्याला जाऊन आलो. धरणाच्या भिंतीजवळ भाजकं कणीस खाल्लं, कवळी असूनही. वर्षभरात पहिल्यांदा चटणीशिवाय काही तरी चवीने खाल्लं.


मंगळवार, २ डिसेंबर

जमेल तसं लिहितो.

आजचे पाहुणे कोंडीराम, खडकवासल्याच्या पलीकडच्या गावचे. संतोषरावांनी आणलेले. पांढरी टोपी, काठी. मागच्या महिन्यात ते कोपऱ्यात बसून नुसते जेवले होते, माझ्या आनंदात मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. आज जिलबीऐवजी खीर होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"गुडघ्याचं आप्रेशन झालं चैतात. तवापास्नं सकाळी उठून गोठ्यात जावं, तर म्हशींचं पाण्याचं टाकं भरल्यालं. रोज. घरात मी आन् म्हातारी. तिला बादली उचलत न्हाई. कोन भरतंय, काय कळंना."

कोणी काही विचारायचं नसतं. तेच पुढे म्हणाले, "शेजारी धाकटा भाऊ हाय. पर बांधावरनं अकरा वर्सं बोलचाल न्हाई. त्याचं नाव बी काडत न्हाई मी घरात. त्यानं पान्याचा थेंब दिला तरी घ्यायचा न्हाई, आशी शपथ हाय माझी."

मला तर हसूच फुटायचं बाकी होतं. बांधावरून भांडलेले भाऊ मी पस्तीस वर्षं पाहिले. दिवसा मोजणीच्या साखळीच्या दोन टोकांना उभे राहून शिव्या देतात आणि एक आजारी पडला की दुसरा त्याची गुरं सोडतो, फक्त कोणाला दिसणार नाही अशा वेळी. उत्तर लख्ख होतं. सभासद झाल्यानंतरची ही माझी पहिली उकल, आणि मी सगळ्यांच्या आधी! वाटीवर हात ठेवला.

"नागोराव," आप्पासाहेब म्हणाले, "ताक येतंय."

मी वर पाहिलं. सगळ्यांचे हात मांडीवर. अकराही चेहऱ्यांवर उत्तर होतं, आणि एकही वाटी हलत नव्हती. संतोषराव माझ्याकडे पाहत होते. मी कोंडीरामांकडे पाहिलं. त्यांना भावाचं नाव सांगितलं असतं तर शपथेपायी उद्या सकाळी त्यांना ते पाणी सांडून द्यावं लागलं असतं. म्हशी तहानलेल्या राहिल्या असत्या, आणि भाऊसुद्धा.

मी हात काढला. आणि काढता काढता मला बरणी दिसली. मावशीचं पार्सल दिसलं. बोटावरची पट्टी. जास्तीचा लसूण. रविवारी झोपलेली उत्कर्षा.

दुर्गाबाईंनी कोंडीरामांसाठी आतून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. मी पहिल्यांदाच मंडळाच्या खुर्च्या नीट पाहिल्या. तेरा. त्यांतल्या एकसारख्या फक्त चार. बाकीच्यांत एक शाळेतली, एक दवाखान्यातली, एक वेताची, एक माझी निळी. इतकी माणसं या टेबलाशी आली ती कोणाला उत्तर सापडलं नाही म्हणून नव्हे. आणि मला वाटत होतं, मी यांना गारद केलं.

जिना उतरताना आप्पासाहेबांना विचारलं, "माझ्या वेळी तुम्हाला उत्तर किती वेळात सुचलं होतं?"

"तुम्ही 'मुलीला सांगितलं' म्हणालात तेव्हाच. पुढचे सगळे सेंटिमीटर आम्ही सौजन्य म्हणून ऐकले."

"मग सांगितलं का नाही?"

"त्या स्कूटरवाल्याला सांगितलं की. त्याचं काय बिघडणार होतं?"

"आणि आप्पासाहेब, तुमची गोष्ट काय होती?"

ते दोन पायऱ्या उतरले. "तिचं उत्तर मला अजून माहीत नाही, असं मी धरून चाललोय," ते म्हणाले. मग छत्री उघडली. बाहेर कडक ऊन होतं.


बुधवार, ३ डिसेंबर

काल वही मिटल्यावर रडलो. चंद्रभागा गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

तिची चटणी मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारासच संपली असणार. म्हणजे वर्षभर मी लेकीच्या हातची चटणी खातोय आणि तिला पोहे येत नाहीत म्हणून नावं ठेवतोय. पहिल्यांदा किती जवस जाळले असतील तिने? आईची चव तिला कोणी सांगितली? नुसत्या आठवणीवर केली असेल, मी घरात नसताना, दारं-खिडक्या उघडून. आणि पट्टी लावल्यावर दर आठवड्याला मोजून बरोबर नऊवर थांबली. बापाची मोजणी दुसऱ्या कोणाकडे जाणार? मी फक्त एवढंच बोललो होतो, की संपली की जाईन. तिने संपूच दिली नाही. इतकं कोणी मला धरून ठेवेल असं मला वाटलं नव्हतं.

सकाळी ती "बाबा, चहा" म्हणाली तेव्हा सगळं ओठांवर आलं होतं. गिळलं. तिने वर्षभर एक शब्द काढला नाही. मलाही आता गप्प राहता आलं पाहिजे.


रविवार, ७ डिसेंबर

काल संध्याकाळी बरणीची पट्टी पाणी लावून काढून टाकली. मग लसूण सोलला. सात पाकळ्या. वाटीत घालून मिक्सरशेजारी ठेवल्या. आज सकाळी फिरायला गेलो तो मुद्दाम तासभर जास्त. बागेत तीन वेळा तोच रस्ता मोजला.

परत आलो तर खिडक्या उघड्या, पंखा सुरू, घरभर भाजल्या जवसाचा वास. बरणी काठोकाठ भरलेली. पट्टी नव्हती, त्यामुळे कुठे थांबायचं ते तिला कळलं नसावं. लसणाची वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातली होती. निथळायला असेल. तरी मी ती उचलून सुलटी ठेवली.

दुपारी जेवताना चमचाभर वाढून घेतली. लसूण आजही जास्त. सात पाकळ्या माझ्या असतील, बाकीच्या तिच्या.

"चांगली झालीय," मी म्हणालो.

"काय?"

"भाजी."

"भाजी बाहेरची आहे, बाबा."

"मग बाहेरच्यांनी चांगली केलीय." मी आणखी एक चमचा चटणी घेतली. दुसरा चमचा, पंधरा महिन्यांत पहिल्यांदा. ती पाहत होती.

"भंडाऱ्याला मग कधी जायचं म्हणताय?" तिने विचारलं.

"बरणी संपली की."

तिने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग अवघड आहे," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.